एएमएचची रक्ततपासणी: दोन लॅब, दोन आकडे आणि माझं मत

गेल्या वर्षी मी एएमएचची, म्हणजे अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या अँटी-म्युलेरियन हार्मोनची, तपासणी तीन आठवड्यांच्या अंतराने दोन ठिकाणी केली. पहिल्यांदा घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका मोठ्या लॅबकडून, दुसऱ्यांदा कोल्हापुरातल्या वंध्यत्व उपचार केंद्राच्या लॅबमध्ये. दोन्हींची नावं देत नाही, मला भांडण नको आहे. पण अनुभव सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत मला पॅकेजच्या जाहिरातींखेरीज फारसं काही सापडलं नव्हतं. आधी निकाल सांगून टाकते. तपासणीला पाचपैकी साडेचार तारे, पहिल्या लॅबच्या सेवेला एक, दुसऱ्या लॅबला पूर्ण पाच.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. वय ३४. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली साडेतीन मूल हवं म्हणून गेली. नवऱ्याच्या तपासण्या व्यवस्थित होत्या, माझ्या बीजवाहक नळ्या मोकळ्या होत्या, आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, दोनदा करून झाला होता. मग स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीने सुचवलं, "एएमएच करून घे, म्हणजे किती बीजं शिल्लक आहेत ते कळेल." मी फोनवरच अपॉइंटमेंट घेतली. साडेसतराशे रुपये, घरपोच, उपाशी राहायची गरज नाही.

सकाळी सात वाजता मुलगा आला. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हात हलका, एकाच टोचणीत शीर मिळाली, पिवळ्या झाकणाची नळी भरून त्याने बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवली आणि पंधरा मिनिटांत तो गेला. माझं नाव, वय, मोबाइल नंबर एवढंच त्याने विचारलं. पाळीचा कितवा दिवस आहे हे विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं, कारण एएमएच कुठल्याही दिवशी चालतं. पण मी कुठल्या गोळ्या घेते हेही विचारलं नाही. ते त्याच्या फॉर्मवरच नव्हतं, तर तो तरी काय विचारणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. मी बारावीचं प्रॅक्टिकल घेत होते. ०.६८. ठळक लाल अक्षरात, शेजारी खाली बोट दाखवणारा बाण. त्याखाली एक चौकोन: तुमची प्रजननक्षमता कमी आहे, आजच सल्ला घ्या. त्याच्याही खाली आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या, पॅकेजवर सवलतीचा कोड. वयानुसार काय अपेक्षित असतं याचा कुठेही उल्लेख नाही. पंचविशीतल्या मुलीला आणि मला एकच पट्टी.

चार वाजता फोन आला. बाई गोड बोलत होत्या. "मॅडम, तुमचा रिपोर्ट अॅबनॉर्मल आला आहे. तुमच्याकडे वेळ फार कमी आहे. डोनर एगचा विचार केलात का?" मी अजून एकाही डॉक्टरला तो कागद दाखवला नव्हता. सोनोग्राफी झाली नव्हती. आणि मला दुसऱ्या बाईची बीजं घ्यायचा सल्ला एका कॉल सेंटरमधून मिळत होता. डोनर एगला माझा विरोध नाही. ज्यांना ती लागतात त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण तो निर्णय कसा आणि कोणाशी बोलून होतो याला काही अर्थ आहे की नाही?

घरी आल्यावर सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला. फोन हातात घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "लाल म्हणजे काय गं?" मला सांगता आलं नाही.

रात्री लेस्टरला ताईला फोन केला. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तिचीही तिथे ट्रीटमेंट चालू होती. तिचं एएमएच किती आलं होतं ते विचारलं. म्हणाली, ९.४. माझं ०.६८ आणि तिचं ९.४. जवळजवळ चौदा पट. एका आईच्या पोटच्या दोघी, आणि मोठीकडे धाकटीच्या चौदा पट! त्या रात्री मी झोपले नाही.

पहाटे चारला उठून ताईच्या रिपोर्टचा फोटो पुन्हा उघडला तेव्हा एकक दिसलं. तिचं पिकोमोल प्रति लिटर, माझं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. वर्गात एकक न लिहिलेल्या उत्तराचे मार्क मी कापते, आणि त्या रात्री मीच एकक पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात बसून गणित मांडलं. एएमएच हे मोठं प्रथिन, त्याचा रेणूभार सुमारे एक लाख चाळीस हजार. एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे एक लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम, त्याला रेणूभाराने भागलं की ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. म्हणजे ताईचे ९.४ हे आपल्याकडच्या हिशेबात १.३. चौदा पट नव्हे, दुप्पट. ब्रिटनमध्ये पिकोमोल लिहायची पद्धत आहे, भारतातल्या लॅब बहुतेक नॅनोग्रॅम लिहितात. परदेशातल्या बहिणीशी, जावेशी, मैत्रिणीशी आकडा ताडून पाहणार असाल तर आधी एकक बघा आणि ७.१४ हा आकडा लक्षात ठेवा. माझी एक रात्र गेली, तुमची जाऊ नये.

आता तपासणी नेमकं काय मोजते ते माझ्या शब्दांत सांगते, कारण पहिल्या रिपोर्टने ते चुकीचं सांगितलं होतं.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात पाळीगणिक बाहेर पडतात ती सुमारे चारशे. बाकीची आपोआप विरत जातात. दर महिन्याला साठ्यातली काही बीजं जागी होऊन वाढायला लागतात. त्यांच्याभोवतीच्या लहान पुटकुळ्यांतल्या, म्हणजे फॉलिकलमधल्या, पेशी एएमएच तयार करतात. फॉलिकल आठेक मिलिमीटरच्या पुढे गेलं की ते बनणं कमी होत जातं. म्हणून रक्तातलं एएमएच सांगतं की आत्ता वाढीला लागलेली लहान फॉलिकल साधारण किती आहेत. इंजेक्शनं दिल्यावर हीच फॉलिकल वाढतात. त्यामुळे आयव्हीएफमध्ये किती बीजं हाती येतील याचा अंदाज या आकड्यावरून चांगला बांधता येतो. बीजांचा दर्जा त्यातून कळत नाही. दर्जा बऱ्याच अंशी वयावर जातो.

आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हेही त्यातून कळत नाही. २०१७ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रिया त्यात होत्या. ०.७ च्या खाली एएमएच असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी दिसली नाही. गर्भ राहायला महिन्याला एकच बीज लागतं, या दृष्टीने पाहिलं की ते पटतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं, की वंध्यत्वाची समस्या नसलेल्या बाईला तिच्या प्रजननक्षमतेबद्दल सल्ला देण्यासाठी ही तपासणी वापरू नये. "तुमची प्रजननक्षमता कमी आहे" हा तो चौकोन म्हणूनच मला अक्षम्य वाटतो. माझं सोडा, मी उपचारांत होतेच. पण लग्न न झालेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी कुठल्याशा हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ही तपासणी करते आणि तिला तो लाल बाण मिळतो, तेव्हा तिच्या घरात काय होत असेल?

पाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर, सकाळी सहाला निघून हातकणंगल्याला चहा. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आधी सोनोग्राफी करू." खालून केली. स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी एकेक काळा ठिपका मोजून दाखवला. उजवीकडे पाच, डावीकडे चार. दोन ते दहा मिलिमीटरची ही फॉलिकल म्हणजे अँट्रल फॉलिकल काउंट, तिथे सगळे एएफसी म्हणतात. माझा एएफसी ९.

"रक्त एक सांगतंय आणि सोनोग्राफी दुसरंच," त्या म्हणाल्या. "दोन्ही गोष्टी एकाच फॉलिकलबद्दल बोलतात, तेव्हा त्या जुळायला पाहिजेत. केसांसाठी काही घेताय का?"

मी चकित झाले. घेत होते. केस फार गळत होते म्हणून सहा महिने बायोटिन हे जीवनसत्त्व, दहा मिलिग्रॅमची गोळी, रोज सकाळी चहाबरोबर. त्या दिवशी रक्त घ्यायला मुलगा यायच्या तासभर आधीही घेतली होती.

त्यांनी जे समजावलं ते ऐकताना मला केमिस्ट्रीची शिक्षक असल्याचा आनंद झाला. काही मशिन्समध्ये एएमएच मोजण्यासाठी दोन अँटिबॉडी वापरतात. हार्मोन दोघींच्या मध्ये पकडलं जातं. एका अँटिबॉडीला बायोटिनची शेपटी जोडलेली असते, आणि मशीनमधल्या बारीक कणांवर स्ट्रेप्टअॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला घट्ट धरून ठेवतं. धरलेलं तेवढं मोजलं जातं, बाकीचं धुतलं जातं. आता रक्तातच गोळीतलं मोकळं बायोटिन भरपूर असलं, तर ते एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्यासारखं त्या जागा आधीच अडवून बसतं. हार्मोनला पकडून आलेल्या अँटिबॉडीला जागाच उरत नाही, ती धुतली जाते आणि मशीनला हार्मोन कमी दिसतं. थायरॉइडसारख्या इतर तपासण्यांतही हा घोळ होऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशाराच दिला होता. सगळीच मशिन्स या पद्धतीची नसतात, आणि नवीन रिएजंटमध्ये, म्हणजे तपासणीच्या रसायनांमध्ये, यावर सुधारणाही झाल्या आहेत. पण रुग्णाला कुठे माहीत असतं, आपलं रक्त कुठल्या मशीनवर जाणार?

गोळी बंद करून दीड-दोन आठवड्यांनी पुन्हा या, असं सांगून त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या नळीत एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल या दोन हार्मोन्सच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं. हे दोन्ही मात्र पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करायचे असतात. अंडाशय थकायला लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जास्त एफएसएच सोडून त्याला हाकते, म्हणून एफएसएच वाढलेलं असणं वाईट. एएमएच येण्याआधी वर्षानुवर्षं याच आकड्यावर सगळी मदार असायची. त्याची अडचण दुहेरी आहे. एक, ते एका पाळीपासून दुसऱ्या पाळीत बरंच बदलतं. दुसरं, त्याच वेळी इस्ट्रॅडिऑल जास्त असेल तर ते पिट्युटरीला दाबून ठेवतं आणि एफएसएच फसवं चांगलं दिसतं. म्हणून एफएसएच एकटं कधी करू नका, सोबत इस्ट्रॅडिऑल हवंच. माझं एफएसएच ७.९ आलं, इस्ट्रॅडिऑल ४२. दोन्ही ठीक. इन्हिबिन बी या आणखी एका हार्मोनबद्दल मी कुठेतरी वाचलं होतं, ते विचारलं, तर म्हणाल्या, "एएमएचने जे कळतं त्यापेक्षा जास्त त्यातून काही मिळत नाही. पैसे घालवू नका."

दुसरी तपासणी. या लॅबबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. तळमजल्यावरची लहान खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. रक्त घेणाऱ्या बाई वयाने मोठ्या, चष्मा नाकावर घसरलेला. सुई हातात घेण्यापूर्वी त्यांनी एक छापील कागद पुढे ओढला आणि वाचत गेल्या. केसांसाठी, नखांसाठी गोळ्या? शेवटची कधी घेतली? गर्भनिरोधक गोळ्या गेल्या तीन महिन्यांत? अंडाशयाचं ऑपरेशन, गाठ काढली आहे का? प्रत्येक उत्तर त्यांनी पेनाने लिहिलं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच खाली दिसतं आणि अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट काढल्यावरही ते उतरू शकतं, हे मला त्यांनीच सांगितलं. मग नळीवरचं लेबल माझ्यासमोर चिकटवलं आणि म्हणाल्या, "नाव मोठ्याने वाचा बाळा." मी वाचलं. मगच नळी स्टँडमध्ये गेली.

रिपोर्ट १.३१ आला. साध्या काळ्या अक्षरात, शेजारी वयोगटांचा तक्ता, खाली कुठल्या मशीनवर आणि कुठल्या पद्धतीने मोजलं त्याची ओळ. बाण नाही, चौकोन नाही, कूपन नाही.

०.६८ आणि १.३१ यांतला फरक निव्वळ गोळीचा होता असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही तसा दावा केला नाही. मशिन्स वेगळी असतील, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि रक्त किती वेळ कुठे पडून होतं तेही माहीत नाही. पण नव्या आकड्याचा एएफसीशी मेळ बसला, आणि उपचार ठरवायला तेवढं पुरे होतं.

हा फरक कागदावरचा नव्हता, तो माझ्या औषधाच्या मात्रेत उतरणार होता. इंजेक्शनांना अंडाशय कमी दाद देईल अशा स्त्रिया ओळखण्यासाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये बोलोन्या निकष ठरवले. त्यात एएमएचची रेघ ०.५ ते १.१ च्या दरम्यान आहे. २०१६ च्या पोसायडन वर्गीकरणात ती १.२ आहे, सोबत एएफसी पाच आणि वय ३५ या रेघा. पहिल्या रिपोर्टवर विसंबलं असतं तर मी 'वय कमी पण साठाही कमी' या गटात गेले असते. दुसऱ्या रिपोर्टने मी रेघेच्या थोडी वर राहिले. डॉक्टरांनी रोज २२५ युनिटच्या इंजेक्शनने सुरुवात केली आणि फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: ६–८. "एवढी बीजं अपेक्षित आहेत. वीस येणार नाहीत, एकही येणार नाही असंही होणार नाही. हे दोन्ही आधी माहीत असावं म्हणून सांगते."

उलट बाजूही सांगायला हवी. माझ्या जावेला पीसीओएस, म्हणजे अंडाशयात लहान फॉलिकल फार साठण्याचा विकार, आहे, तिचं एएमएच ८.९ होतं. घरात सगळ्यांना वाटलं, वा, भरपूर आहे. तिच्या डॉक्टरांना मात्र त्याच आकड्याची काळजी वाटली. इतकी फॉलिकल एकदम वाढली तर ओएचएसएस होऊ शकतं: अंडाशय सुजतात, पोटात पाणी होतं, क्वचित जिवावर बेततं. म्हणून तिला मात्रा कमी दिली, बीजं पक्व करणारं शेवटचं, ट्रिगरचं इंजेक्शन बदललं, आणि सगळे गर्भ गोठवून ठेवले, त्या महिन्यात आत सोडलेच नाहीत. माझ्या मते एएमएचचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. साडेसतराशे रुपयांत एका बाईचा अतिदक्षता विभाग वाचत असेल तर ती तपासणी प्रत्येक आयव्हीएफच्या आधी व्हायलाच हवी.

माझी इंजेक्शनं दहा दिवस चालली. पोटावर नवरा द्यायचा, रात्री साडेआठला, बातम्या बंद करून. पिकअपच्या, म्हणजे बीजं बाहेर काढण्याच्या, दिवशी भुलीतून जागी झाले तेव्हा डॉक्टर शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं दाखवली. सात. त्यातली सहा पक्व, चार फलित, पाचव्या दिवसापर्यंत दोन गर्भ पोचले. सातावरून दोनावर येताना मला वाईट वाटलं. पण सात येतील हे रक्ताने आणि सोनोग्राफीने मिळून आधीच सांगितलं होतं, आणि सातानंतर काय होईल हे ते सांगू शकत नाहीत हेही सांगितलं होतं.

अर्धा तारा का कापला? तपासणी उत्तम असूनही दोन लॅबचे आकडे एकमेकींशी ताडता येत नाहीत, आणि ही गोष्ट रिपोर्टवर कुणी ठळक लिहीत नाही. म्हणून एकच सांगते, शक्य असेल तर जिथे उपचार घेणार तिथेच तपासणी करा. तिथल्या डॉक्टरांना त्यांच्या मशीनच्या आकड्याची सवय असते. दर जास्त पडला तरी चालेल, मला अडीचशे रुपये जास्त पडले. आणि एएफसी न पाहता फक्त रक्तावरून कोणी पुढचं ठरवत असेल तर फाइल उचलून बाहेर या.

पहिल्या लॅबला मी ईमेल केला. फॉर्मवर तीन प्रश्न घाला, वयाचा तक्ता छापा, तो चौकोन काढा, एवढीच मागणी. 'आपला अभिप्राय नोंदवला आहे' असं उत्तर आलं. तीन महिन्यांनी सहकारी शिक्षिकेचा त्याच लॅबचा रिपोर्ट पाहिला. चौकोन तसाच होता. मी पुन्हा लिहिलं आहे, आणि लिहीत राहणार आहे.

दोन्ही गर्भ गोठवलेले आहेत. ट्रान्सफर, म्हणजे गर्भ आत सोडणं, पुढच्या महिन्यात, कॉलेजची सहामाही संपली की. ताईने परवा तिचा नवा रिपोर्ट पाठवला. फोटो काढण्याआधी तिने एककाभोवती लाल पेनाने गोल केला होता.